तीन, तीन, दोन

फाळका बाजारात, जिना चढून उजवीकडे,
बशीर मियाँचं दुकान.
सरोदला कातडं चढवतात, चाळीस वर्षं. पाटी नाही.
खाली गजक कुटणाऱ्यांचे हातोडे :
हाच आमचा मेट्रोनोम,
कधी पुढे पळणारा, कधी चहाला गेलेला.

थंडीतल्या रविवारी आम्ही पाच.
दारं लावून घेतो, तरी धुकं येतंच,
नातेवाइकासारखं, न विचारता.

हेरंब इंगळे मोबाइल तांब्यात उभा करतो,
आवाज घुमतो म्हणून.
‘ऐका,’ म्हणतो, ‘बँजो.’
मिरवणुकीतला नव्हे, टाइपरायटरची बटणं लावलेला.
हा गोल, पोटावर कातडं ताणलेला,
आणि वाजवणाऱ्याच्या तीन बोटांवर नखं चढवलेली.
माळ तुटावी तसे सूर सांडतात,
पण प्रत्येक मणी
आपापल्या वाटीतच पडतो.

बशीर मियाँ मान न उचलता
सुई चालवत मोजतात :
तीन, तीन, दोन.
‘आठच झाले ना? मग परका कसा?’

पाटणकर दातांचे डॉक्टर, मँडोलिनवाले.
त्यांना आवडतो डोंगरातला तो आंधळा,
ज्यानं फिडलच्या चाली
एकट्या गिटारवर उतरवल्या.
‘एक सूर दुसऱ्याला चिकटलेला नाही,
फटीत काही अडकलेलं नाही.’
आम्ही हसतो. ते गंभीर असतात.

कुशवाह रेल्वेत गार्ड होते.
त्यांचा लाडका नेहमी ठोक्याच्या जरा मागे :
‘लेट नहीं है, मॅडम.
सिग्नल देख के आ रहा है.’

मग पिक हातोहात फिरते.
बशीर मियाँ ती उजेडात धरतात :
‘एवढंसं प्लास्टिक?’
खिशातून आपला जवा काढतात,
करवंटीचा, घासून घासून काळा.
माझ्या गिटारवर एकच तार छेडतात
आणि माझीच गिटार मला
ओळख दाखवत नाही.

‘सप्रे मॅडम, तुमचा कोण?’

मी महालेखाकार कार्यालयातून निवृत्त.
दुसऱ्यांच्या वह्यांतल्या बेरजा तपासत
पंचावन्न गाठली, तेव्हा गिटार घेतली.
बोटांच्या टोकांना घट्टे पडले, तर सून म्हणाली,
‘मलम लावा.’
मी लावलं नाही.

माझा कोण?
रेकॉर्डमध्ये सगळे आळीपाळीनं पुढे येतात,
आपलं सांगून मागे जातात.
एक जण येतच नाही.
खर्जाची एक तार, मग बाकीच्यांना झटका :
धुम्-छिक, धुम्-छिक,
कोणी उडालं तरी खाली जमीन असावी, म्हणून.
तो थांबला तरच कळतं की तो होता.
त्याचं नाव मला माहीत नाही.
विचारलंही नाही कधी.
पत्रिकेवर बारीक अक्षरात असेल.

कोणीच काही बोललं नाही.
पाटणकर म्हणाले, ‘हो, पण एकदा तरी त्यानं...’
आणि वाक्य सोडून दिलं.

हेरंबनं मग खरा बँजो काढला,
मावसभावानं परदेशातून पाठवलेला, जुना, वासराच्या कातड्याचा.
छेडला तर ओल्या पापडासारखा.
‘आता प्लास्टिकचंच लावतात,’ तो म्हणाला.
बशीर मियाँनी ते
वाईट बातमी ऐकावी तसं ऐकलं.

मग शेगडी ओढली पुढे.
बँजो उपडा धरला निखाऱ्यांवर, वीतभर उंच,
भाकरी फिरवावी तसा फिरवत.
मधूनच अंगठ्यानं एक तार : दब.
पुन्हा : दब्ब.
पुन्हा.
खाली हातोडे थांबले होते, बहुतेक चहा.
कुशवाहांनी टोपी काढली, का ते त्यांनाच ठाऊक.
खुंटीला कोणी हात लावला नव्हता
आणि सूर चढत होता,
केसभर, केसभर,
धुक्यातून वर येणाऱ्या किल्ल्यासारखा.

‘बस,’ बशीर मियाँ म्हणाले,
‘आता वाजवा पटकन.
दहा मिनिटं आहेत.’