उलटे नळ

रुवीतल्या खोलीत, पहिल्याच जूनमध्ये
निळ्या खुणेचा नळ सोडला आणि हात पोळला.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात रटरटते,
हे येताना कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवरचा कुन्हुमोन हसला :
गीझर बंद ठेव, लाल नळ सोड.
त्यातलं पाणी सावलीत बसलेलं असतं.

तेव्हापासून मे ते सप्टेंबर
मी लाल नळाखाली गार होतो,
शुक्रवारी रविवार पाळतो.
घरी फोनवर एवढंच :
हो, पाणी आहे. चोवीस तास.

परवा रजेवर कुडाळला.
नवा गीझर, माझ्याच पैशांचा.
पहाटे झोपेतच लाल नळ सोडला
आणि ओरडलो म्हणे, "अय्यो!"

दाराबाहेर वासंती :
"आत कोण आहे?"