वंजी म्हणजे धान

सिव्हिल लाइन्समध्ये एक पिवळा बंगला आहे, बिनपाटीचा.
फाटकावर नुसता आकडा, तोही अर्धा पुसलेला.
ऑटोवाला रोज विचारायचा, "कोणतं ऑफिस हाय, ताई?"
"हवामान खातं."
"मंग सांगा न, पारा कधी उतरते?"
मे महिना, सत्तेचाळीस. मी सुटे पैसे मोजत राहायची.

घरी सांगितलं होतं, बँक.

आत कूलर, ओल्या खसचा वास,
कानांवर फोमच्या दोन चकत्या,
माझ्या आधीच्या कोणाच्या तरी घामानं काळ्या पडलेल्या,
आणि त्यांतून येणारी माझी भाषा.
शाळेत जिच्यापायी हातावर पट्टी खाल्ली
तिच्यासाठीच सरकार आता पगार देत होतं,
महागाई भत्त्यासकट.

वरच्यांना वाटतं, ऐकणं म्हणजे गुपितं.
ऐकणं म्हणजे बहुतेक वेळा खोकला.
रेंज यावी म्हणून टेकडीवर चढलेल्या माणसाची धाप.
मागे कोंबडं. कोणाची सून माहेरी गेलेली, कोणाचा बैल लंगडतोय,
"हॅलो, हॅलो, ऐकू येते का?"
येते, बाबा. तुझ्या लेकाला नाही येत, मला येते.

एकदा एक म्हातारा सात मिनिटं वंजीबद्दलच बोलला.
वंजी पोचली का, भिजू देऊ नको,
निम्मी धाकट्याच्या घरी ठेव, कोणाला सांगू नको.
लांजेवार साहेबांनी लाल पेननं समासात लिहिलं:
वंजी = दारूगोळा?
मी खाली लिहिलं: वंजी म्हणजे धान.
"नक्की?"
"साहेब, डबा खाल्ला का तुम्ही? त्यात होती."
ते हसले, चांगले होते ते.
फाइल तरीही प्रश्नचिन्हासकट वर गेली.
माझी ओळ दुसऱ्या पानावर होती,
आणि दुसरं पान कोण उलटतं.

पण हेही लिहायला हवं:
एका रात्री एक पोरगा हसत म्हणाला,
पुलाखाली भांडं मांडलंय, शिजू दे सावकाश.
मी हसले नाही.
आमच्यात कोणी पुलाखाली चूल मांडत नाही.
त्या पहाटे एक एसटी अडीच तास उशिरा सुटली,
प्रवाशांनी महामंडळाच्या सात पिढ्या काढल्या.
त्यांतलं कोणी मला ओळखत नाही. बरंच आहे.
तो पोरगाही पुन्हा कधी फोनवर आला नाही.
म्हाताऱ्याचं धान आणि त्याचं हसू,
मी दोन्ही एकाच कानानं ऐकलं.
रात्री उशीवर तो कान खाली करून झोपते.

मे संपता संपता
नंबर नवा, बाई जुनी.
बोलण्याआधीच ओळखलं. दम्याची ती शिट्टी,
जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी उवा काढून घेतल्या,
ती जैवंता आत्या.
बुटीबोरीच्या कारखान्यातल्या लेकाला विचारत होती,
कोव्यांची पोर भेटते का रे तिकडे, बँकेतली?
आपलं बोलते का अजून,
का विसरली?

थांबवलं. मागं घेतलं. परत ऐकलं.
नियम साफ आहे: ओळखीचा आवाज आला तर कळवावं.
साहेब कोणाच्या तरी निरोपसमारंभाला, सावजीत.
मी टाइप केलं:
"तिसऱ्या व्यक्तीबद्दल कौटुंबिक चौकशी. गैरसंबद्ध."
सही केली. वेळ टाकली, तीन चाळीस.

लेकाचं उत्तर अजून बाकी होतं, अकरा सेकंद.
कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंखा कोरड्या खसवर गरम वारा फेकत होता.
मी उठून बादली भरायला गेले
आणि परत आले तेव्हा पुढची फाइल लावली.

संध्याकाळी फाटकाबाहेर तोच ऑटो.
"काय म्हणते हवामान, ताई?"
"आज नीट ऐकू नाही आलं."
"कसं येईन," तो म्हणाला, "समोर खोदकाम चालू हाय न."