कितवं धुणं

लिव्हरपूलला, तळघरातल्या खोलीत
मी मच्छरदाण्या धुते.
एकेक वीस वेळा. साबण मोजून, पाणी मोजून,
दर खेपेला वहीत वेळ टिपून.
आई फोनवर हसते:
"एवढं शिकलीस, आणि विलायतेत जाऊन
धुणंच धुतेस होय गं?"

धुणंच धुते.
विसाव्यानंतर जाळीत डास सोडतो
आणि काचेपलीकडून मोजतो,
किती पडले, किती उडत राहिले.

पहिल्या वर्षी यंत्र होतं, हलक्या हाताने घुसळणारं.
आकडे सुरेख यायचे.
एकदा हॅस्लमबाई दारात थांबल्या:
"तुमच्याकडे बायका अशाच धुतात?"
म्हटलं, "नाही. आपटतात."
त्या शनिवारी वेल्समधल्या कुठल्याशा ओढ्यातून
त्यांनी एक धोंडा गाडीत घालून आणला.
सुरक्षा विभागाने त्याचा फॉर्म भरून घेतला, क्रमांक दिला.
सोमवारी मी बाह्या सरसावल्या.
बाराव्या धुण्यालाच जाळी हरली.
वर्षभराचे सुरेख आकडे
बाईंनी स्वतःच्या हाताने खोडले
आणि चहा मागवला.

मग लंडनहून प्रॉसर आले, तिजोरीचा माणूस,
ओला रेनकोट अंगावर तसाच.
नव्या धाग्याला नगामागे नऊ पेन्स जास्त.
"लांबी वीतभर कापा," म्हणाले,
"त्याच पैशात तलावाकाठचे दोन्ही जिल्हे झाकले जातील."
माझ्या तोंडून मराठीतच निघालं,
अंथरूण पाहून पाय पसरावे.
त्यांनी अर्थ विचारला. सांगितला.
ते काही बोलले नाहीत. कापायच्या मापाची जाळी टांगायला लावली
आणि बुटांसकट जमिनीवर आडवे झाले.
सहा फूट दोन इंच.
पाय बाहेर.

"लांबी राहू दे," खालूनच म्हणाले. "आणि पांढरीच का?"
कुणालाच ठाऊक नव्हतं.
पांढरं मळकं दिसतं, दिसलं की धुतात,
धुतलं की औषध जातं.
गडद निळा ठरला.
चार पेन्स वेष्टणाच्या प्लास्टिकमधून निघाले.
उरलेल्या पाचांवर अजून भांडण चालू आहे,
दर गुरुवारी, तीन ते पाच.

धोंडा कोपऱ्यात असतो, क्रमांक चारशे सतरा,
अंगावरचं शेवाळ केव्हाच साबणाने गेलेलं.
आई आता हसत नाही. विचारते,
"कितवं?"
"सतरावं," मी सांगते, फोन खांद्याने कानाशी दाबून,
"अजून पडतायत."