रकाना क्रमांक दोन

वनजू शहराच्या उत्तर टोकाला फेब्रुवारीत
कचरा गोठलेला येतो. बरं असतं, वास उशिरा उठतो.
साठ घरं, साठ निळ्या बादल्या, नावं नाहीत, नुसते आकडे,
आणि आम्ही दोघी: मी, आणि तीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात
काढून आलेल्या ह्वा-जंग बाई.

स्टीलचं टेबल, रबरी हातमोजे, काटा.
किमचीची पानं एकीकडे, हाडं दुसरीकडे,
शिंपले अगदीच वेगळे, त्यांच्या वाटेला जीवाणू जात नाहीत.
मीठसुद्धा मोजायचं.
जीवाणू खाल्ल्या मिठाला जागत नाहीत,
जरा जास्त झालं की संपावर जातात,
आणि नदीकाठची ती गोल टाकी,
जिनं सगळ्या शहराचं उष्टं-खरकटं पोटात घातलंय,
दोन-दोन दिवस बुडबुडासुद्धा सोडत नाही.

तक्त्यात तीन रकाने.
एक, टाळता न येणारं: साली, देठ, काटे.
दोन, टाळता येण्याजोगं.
तीन, सांगता येत नाही.
तिसरा शक्यतो वापरू नका, डॉक्टर नोह पहिल्याच दिवशी म्हणाले.

बादली एक्केचाळीस. दर मंगळवारी
भाताची अख्खी मूद.
वाटीचा आकार तसाच, वरचा घुमट शाबूत,
चमचा न लागलेला.
सोबत शेवाळाचं सूप, पिशवीला नीट गाठ.
दोनशे दहा ग्रॅम. मग दोनशे पाच. मग पुन्हा दोनशे दहा.
हाताला माप बसलेलं असणार.

ह्वा-जंग बाईंनी मूद फोडली नाही.
म्हणाल्या, हे उरलेलं नाही गं,
हे वाढलेलं आहे.
त्यांच्या आजोळी, घरी न पोचलेल्या माणसाची वाटी
तापत्या जमिनीवर, रजईखाली ठेवायचे.
त्याला तिकडे भूक लागू नये म्हणून.
मी विचारलं, मग कुठला रकाना?
त्या हातमोजे धुवायला गेल्या.
मी दोन लिहिलं.

अकरा मंगळवार.
बाराव्याला बादलीत मुळ्याची साल,
अंड्याचं टरफल, चहाची पत्ती.
तेराव्यालाही तेच.
आलेखाची रेघ तिथे ठळकपणे खाली आली,
आणि अहवालात एक वाक्य वाढलं:
जनजागृतीचा परिणाम दिसू लागला आहे.

कोण आलं असेल? की वाढणारंच कोणी राहिलं नाही?
की नुसतं, एक दिवस, पुरे झालं?
आकड्याला पत्ता नसतो. विचारायची मनाई आहे,
कागदावर सही माझीच आहे.

संध्याकाळी गॅसवरची बस.
मागच्या बाजूला हिरवं पान रंगवलेलं, जरा उडालेलं.
खिडकीशी बसून उगाच हिशेब केला:
एका मुदेत बस साठेक मीटर जाते,
अकरा मुदांत एक थांबा आणि वर थोडं.
तो थांबा आला. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही,
पण चालकानं दार उघडलं,
थंडी आत आली,
आणि त्यानं ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उघडं ठेवलं,
असं मला वाटलं.
घड्याळ लावलं नव्हतं.