तिसरा पेला

काम हीच प्रार्थना, असं म्हणतात.
मीही म्हटलंय, देवळात जायचा कंटाळा आला की.
खोटं आहे ते.
कांदा चिरताना मी कांदाच चिरत असते
आणि डोळ्यांतलं पाणीही कांद्याचंच असतं.

त्या रात्री मात्र मला खरंच जायचं होतं.
महिन्याची बारावी, देवदूत मिकाएलची रात्र.
पांढरी शाल धुऊन दगडावर वाळवली होती,
काठी दाराशी टेकवून ठेवली होती.
टेकडीवर ढोल सुरू झाला होता,
हळू, म्हाताऱ्याच्या छातीसारखा,
आणि मी कडी काढते तोच
बाहेरून कुणीतरी ती वाजवली.

बस घाटात बंद पडली म्हणे.
कडेवर पोर, पोराचं नाक वाहतंय,
पायात एकच चप्पल.
दुसरी कुठं गेली तिलाही ठाऊक नाही.
लेटेब्रहान, तिनं नाव सांगितलं.
पाहुणा देवाचा, असं आमच्या डोंगरात सगळेच म्हणतात.
म्हटल्यावर दारही उघडावं लागतं,
तेवढं मात्र विसरतात.
मी उघडलं. ये म्हटलं.
दात आवळून म्हटलं. त्यानं ते ऐकलं असणार.

शेगडी पेटवली, हिरवे दाणे तव्यावर टाकले.
कान टेकडीवर, म्हणून दाणे करपले.
भाजल्याचा धूर पाहुणीपुढं फिरवायची रीत आहे.
मी फिरवला, माशी हाकलावी तसा.

पहिल्या पेल्याला आमच्याकडं अबोल म्हणतात.
खरंच कुणी काही बोललं नाही.

दुसरा, तोना. त्याच चुऱ्यावर पुन्हा पाणी.
आता ती बोलू लागली:
नवरा मेकेलेच्या दवाखान्यात,
पाय कापायचा की ठेवायचा, उद्या ठरणार.
मी तोवर उठले. इंजेरा आणला, शिरो गरम केला,
पोराला मेंढीचं कातडं अंथरलं,
पुन्हा उठले, मीठ आणलं,
मीठ तिथं होतंच.
मान हलवत होते मधूनमधून.

तिसरा, बरका. बरका म्हणजे आशीर्वाद.
तो न घेता उठू नये.
मी तिच्यापुढं ठेवला, तिनं हात लावला नाही.
"तुझा कुठंय?"
माझा?
चाळीस वर्षं या घरात मी ओततेय.
माझा पेला मी उभ्यानं पिते, भांडी विसळता विसळता.
"बस," ती म्हणाली.
माझ्या घरात, मला.

बसले. गुडघे वाजले.
ढोल थांबला होता, की मलाच ऐकू येईनासा झाला,
सांगता येत नाही.
तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं
आणि आत्ता कुठं मला त्याचं नाव कळलं, हगोस.
दगड फोडतो. लग्नात याच पायानं ठेका धरला होता.
मी काही सांगितलं नाही,
सांगण्यासारखं जवळ नव्हतंच काही.
पेला दोन्ही हातांत धरून बसले होते,
आणि केव्हातरी आम्ही दोघी मोठ्यानं म्हणत होतो,
देवाला पत्ता चुकू नये अशा बेतानं:
हगोस. दवाखाना. दुसरा मजला.
खिडकीजवळची खाट.

पहाटे अब्बा तेक्ले आले,
रात्रभर उभं राहून पाय सुजलेले.
"आली नाहीस."
मी झोपलेल्या पोराकडं बोट केलं.
ते जमिनीवर टेकले.
"अर्धी रात्र मी काठीवर डुलक्या काढल्या," ते म्हणाले,
"उरलेली अर्धी तुझ्या कॉफीचा वास येत होता."
टेकडी लांब आहे. वास तिथवर जात नाही.
मी काही बोलले नाही,
नवे दाणे काढले. हे करपू दिले नाहीत.

ती गेली माझ्या चपला घालून.
उन्हं वर आल्यावर मी टेकडी चढले, अनवाणी.
आमच्या देवळात तसंही अनवाणीच जायचं असतं.
आत कुणी नव्हतं. मेणाचा वास होता,
आणि माझ्या शालीला धुराचा.
नेमके शब्द एकही आठवेना,
म्हणून उभ्या उभ्या
पत्ताच पुन्हा सांगितला.
मग आठवलं,
आणि बसले.