नावाला प्रतिसाद नाही

खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर
रात्रपाळीच्या डॉक्टरनं लिहिलं होतं:
वय एक्याऐंशी. उजवी बाजू लुळी. वाचा गेलेली.
नावाला प्रतिसाद नाही.

कुठल्या नावाला, ते लिहिलं नव्हतं.

बँगॉरच्या इस्पितळात मी बोलायला शिकवते,
म्हणजे ज्यांना एकदा येत होतं त्यांना.
मूळची लीड्सची. वेल्श माझी कामापुरती:
सुप्रभात, दुखतंय का, गिळा.
कागदावरचं नाव मी इंग्रजीत वाचलं, लूकू.
बाई खिडकीकडे बघत राहिल्या.
बाहेर पाटीच्या दगडाचा डोंगर, अर्धा खणून नेलेला,
कुठकुठल्या पोरांनी अक्षरं गिरवली असतील त्यावर.
नर्स म्हणाली, आम्ही ल्यूसी म्हणतो, सोपं पडतं.
बाई खिडकीकडेच.

गुरुवारी भाची आली, नेस्ता.
ओल्या कोटासकट खुर्चीत बसली आणि म्हणाली,
ल्यूसी कोण?
पोस्टातल्या साहेबानं हिचं ल्यूसी केलं होतं.
एकतीस वर्षं मावशीनं शिक्के मारले,
त्या हाकेला एकदाही मान वर केली नाही.
साहेबाला वाटायचं, कमी ऐकू येतं.

मग तिनं मला शिकवलं.
दोन यू आहेत, दोन्हींची ई होते, ते सोड, ते सोपं.
सुरुवातीचे दोन एल बघ.
जीभ ल च्या जागी ठेव
आणि ल म्हणू नकोस.
आवाज बंद. नुसता श्वास, गालाच्या कडेनं,
तापल्या तव्यावर पाण्याचा हबका बसावा तसा.
मी ख्ल म्हटलं, श्ल म्हटलं, थ्ल म्हटलं,
नेस्ताच्या चष्म्यावर थुंकी उडाली.
इथं मी ल्हैकी लिहिते आहे, तेही खोटंच,
त्यातल्या त्यात जवळचं.

रात्री घरी नावांची सरकारी यादी उघडली.
पहिल्या पानावर हजारोंनी जन्मलेल्या मुली.
माझंही नाव बरंच वर.
शाळेत आम्ही चौघी हॅना होतो,
मला सगळे हॅना टी म्हणत.
नाव सगळ्यांचं, ती टी तेवढी माझी.
खाली खाली गेले. वीस मुली, नऊ, पाच, तीन,
आणि यादी संपली.
तीनपेक्षा कमी असल्या तर आकडा छापत नाहीत,
कुणाची ओळख फुटू नये म्हणून.
म्हणजे कुठेतरी दोघी असतील.
एक असेल, हजेरी घेताना नव्या बाई थबकतील,
हे कसं म्हणायचं गं?
किंवा कुणीच नसेल. यादीवरून कळत नाही.

शुक्रवारी पडदा ओढून खाटेशी बसले,
जीभ ल च्या जागी ठेवली.
पहिल्यांदा शिट्टी झाली. मग खोकला.
सातव्या की आठव्या खेपेला
बाईंनी मान वळवली.
कौतुकानं नव्हे. कंटाळलेल्या मास्तरणीसारखी
डावी भुवई चढवली,
आणि वाकड्या ओठांतून, धड उरलेल्या कडेनं,
श्वास सोडला.

आम्ही म पासून सुरू करतो सगळ्यांचं,
ओठ मिटून, तान्ह्या बाळाचा म.
तो त्यांना अजून आलेला नाही.
या अक्षराला मात्र गळा लागत नाही,
गालाची एक बाजू पुरते.
पुढचं काही आलं नाही, ऐ नाही, की नाही,
नुसता तव्यावरचा तो हबका.
मी परत म्हटलं. त्यांनी परत दुरुस्त केलं.
जेवणाची गाडी येऊन सूप निवलं
तरी आमचं चालूच.

निघताना कागदावरची ती ओळ खोडली.
तिच्या जागी काय लिहावं सुचेना.
नाव चुकल्यास दुरुस्त करतात, असं लिहिलं,
आणि खाली, नर्ससाठी, बाण काढून:
ल म्हणू नका.