पत्ते

दाभोळच्या खालच्या आळीत घरांना नंबर आहेत
ग्रामपंचायतीच्या वहीत, आणि तेवढ्यातच.
एकतीस वर्षं मी टपाल वाटलं ते
‘विहिरीपलीकडचे’, ‘तरीवाल्याची बहीण’ अशा नावांवर.
नाव वाचायचं, पाय आपोआप वळायचे.
इर्शाद म्हणाला, डीएनएस म्हणजे तेच काका,
तुम्ही नाव सांगायचं, तो नंबर सांगतो.
म्हटलं, मग मला जमेल.

बिघाड असा:
दिवाळीपासून बंद असलेलं भरती-ओहोटीचं पान
चार दिवस मधूनच उघडायला लागलंय.
सकाळी नाही, दुपारी हो, संध्याकाळी
‘हा पत्ता सापडला नाही’.
ही ओळ मीही लिहिली आहे कितीतरी पाकिटांवर,
उभ्याउभ्या, गुडघ्यावर पाकीट धरून.
पण सापडला नाही म्हणजे नाही. एकदा लिहिलं की परत पाठवायचं.
हे अधूनमधून सापडणं मला पटेना.

गाळणी प्रणितानं बसवून घेतलेली, माझ्या सुनेनं.
कारण विश्राम. कारण रमी.
कारण तिच्या दोन बांगड्या, ज्यांचं नाव
या घरात कुणी काढत नाही.
गाळणीनं पत्ते अडवले, सोबत भरतीही अडवली.
जाळ्याला बांगडा काय आणि वाहत आलेली झावळ काय.

राउटर फडताळावर, आगळाच्या बरणीशेजारी.
बरणी उजवीकडे असते. आज डावीकडे होती.
पाठीवरचा पासवर्ड भिंगातून वाचला,
शून्य की ओ, यात तीनदा चुकलो.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक.
आत गेलो.

काका, दोन चौकटी दिसतात? पहिला सर्व्हर, दुसरा सर्व्हर?
दिसतात.
पहिल्यात काय?
तू लिहून दिलेला, गाळणीचा.
दुसऱ्यात?
आठ, आठ, आठ, आठ.
इर्शाद गप्प झाला. मागे त्याच्या दुकानात
कुणीतरी रिचार्ज मागत होतं.
मी दोन्हीकडे गाळणीच भरली होती, तो म्हणाला.
आता फोन कधी याला विचारतो, कधी त्याला.
तो दुसरा कुणाला नाही म्हणत नाही.

स्टुलाच्या पायांच्या खुणा जमिनीवर ताज्या होत्या.

एका रमजानात हमिदाबीला कुवेतहून पाकीट आलं.
अक्षर तिच्या नवऱ्याचं नव्हतं,
कोपऱ्यात कंपनीचं नाव छापलेलं.
चार रोजे उरले होते. चार दिवस ते पाकीट
माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात राहिलं.
तर धोपाव्याला गेली, आली, गेली, आली,
मी ते काढलं नाही.
ईदनंतर दिलं.
तिनं आधी तारखेचा शिक्का वाचला,
मग माझा चेहरा.
पाकीट माझ्या देखत उघडलंच नाही.

आठ पुसले. चारही.
दोन्ही चौकटींत गाळणीचा नंबर,
‘चालेल’ च्या यादीत भरतीचं एकच पान.
राउटरचा नवा पासवर्ड; तो इथे लिहीत नाही.
सेव्ह.
दिवा लाल, मग नारिंगी, मग बराच वेळ काहीच नाही.

विश्राम खोलीतून बाहेर आला, अंगठा अजून काचेवर.
नेट गेलं का?
येतंय, म्हटलं,
आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.
बस.